सहावा एडवर्ड: ट्यूडर घराण्यातला बालराजा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लंडवर राज्य करणाऱ्या ट्यूडर घराण्याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण आठव्या हेन्रीवरून थेट पहिल्या एलिझाबेथवर येतात. मध्ये गादीवर बसलेला मुलगा एका वाक्यात संपतो: लहान होता, आजारी होता, गेला. हा त्याच्यावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. सोळाव्या शतकातल्या फार थोड्या मुलांनी स्वतःच्या हातचं लिखाण मागे ठेवलं आहे. एडवर्डने ठेवलं आहे, आणि ते भरपूर आहे. म्हणून खालची उत्तरं देताना जमेल तिथे त्याच्याच कागदांकडे गेलो आहे.

हा सहावा एडवर्ड नेमका कोण?

आठवा हेन्री आणि त्याची तिसरी राणी जेन सिमूर यांचा मुलगा. जन्म १२ ऑक्टोबर १५३७, हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातला. गादीला मुलगा हवा म्हणून हेन्रीने पहिल्या राणीशी काडीमोड घेतला होता, त्यापायी पोपशी नातं तोडलं होतं आणि दुसऱ्या राणीचं डोकं उडवलं होतं. एवढं सगळं झाल्यावर हा मुलगा झाला. राजवाड्यातला आनंद बाराच दिवस टिकला. २४ ऑक्टोबरला बाळंतीण गेली.

हेन्री २८ जानेवारी १५४७ रोजी वारला तेव्हा एडवर्डला नऊ वर्षं पुरी होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. राजा गेल्याची बातमी तीन दिवस दाबून ठेवली गेली. एडवर्ड हर्टफर्डला होता. त्याला एनफील्डला, बहीण एलिझाबेथ राहत होती तिथे, नेलं आणि दोघांना एकत्र बसवून सांगितलं. दोघं भावंडं एकमेकांना धरून रडली. पुढे ६ जुलै १५५३ रोजी एडवर्डही गेला. म्हणजे राज्य सहा वर्षं, पाच महिने आणि वर थोडे दिवस.

नऊ वर्षांच्या मुलाने राज्य चालवलं तरी कसं?

त्याने ते चालवावं अशी अपेक्षाच नव्हती. हेन्रीच्या मृत्युपत्राप्रमाणे एडवर्ड अठरा वर्षांचा होईपर्यंत सोळा जणांच्या मंडळाने मिळून कारभार पाहायचा होता. एकाच माणसाच्या हाती सगळं जाऊ नये हा त्यामागचा हेतू उघड दिसतो. पण आपल्याकडे ज्याला बारभाई कारभार म्हणतात, तो तिथे चार दिवसही टिकला नाही. एडवर्डचा थोरला मामा एडवर्ड सिमूर याने बाकीच्यांना पदव्या आणि जमिनी देऊन आपल्या बाजूला वळवलं आणि तो 'लॉर्ड प्रोटेक्टर', म्हणजे राजाच्या वतीने राज्य सांभाळणारा, झाला. लगेच सॉमरसेटचा ड्यूकही झाला.

लोकांच्या मनात धाकधूक होती, आणि तिला कारण होतं. आधीचा बालराजा, बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड, १४८३ मध्ये काकाच्या देखरेखीखाली लंडनच्या टॉवर या किल्ल्यात गेला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. ज्या देशाचा राजा पोर असतो त्या देशाचे हाल, अशा अर्थाचं बायबलमधलं वचन तेव्हा सर्वांच्या ओठावर होतं. आता काकाच्या जागी मामा आला होता.

राज्याभिषेक कसा झाला?

२० फेब्रुवारी १५४७ रोजी, वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये. मुलगा लहान, थकेल, म्हणून बारा तासांचे विधी सातेक तासांवर आणले. त्याच्या डोक्यावर एकामागून एक तीन मुकुट ठेवले गेले. तिसरा खास त्याच्या मापाचा, हलका घडवलेला होता. रात्रीच्या मेजवानीला तो मुकुट घालूनच जेवायला बसला, आणि हे त्याने आपल्या रोजनिशीत आठवणीने लिहून ठेवलं आहे.

मला मात्र आदल्या दिवशीची मिरवणूक जास्त आवडते. टॉवरपासून वेस्टमिन्स्टरपर्यंत रस्त्यात ठिकठिकाणी मुलांची गाणी, भाषणं, देखावे. सेंट पॉल्सच्या कॅथीड्रलपाशी एका डोंबाऱ्याने उंच मनोऱ्यापासून खालपर्यंत जाड दोर बांधला होता. राजा समोर येताच तो छातीवर आडवा होऊन, हात पसरून, बाणासारखा सरसरत खाली आला. राजाच्या पायाचं चुंबन घेतलं, पुन्हा दोरावर चढला आणि अधांतरी कोलांट्या मारू लागला. राजा तिथून हलेना. सगळी मिरवणूक, सरदार, बिशप, परदेशचे वकील, एका नऊ वर्षांच्या मुलाचं बघून होईपर्यंत थांबले. लॅटिन भाषणांसाठी तो असा थांबल्याचं कुणी लिहिलेलं नाही.

तो जन्मापासून आजारी, अशक्त होता ना?

नाही. चार वर्षांचा असताना मोठा ताप आला होता, त्यातून तो बरा झाला. पुढे घोडेस्वारी, शिकार, तिरंदाजी, टेनिस, भाल्याचे खेळ, सगळं तो करत होता. शेवटचं वर्ष-सव्वा वर्ष सोडलं तर सतत अंथरुणाला खिळलेला मुलगा हे चित्र मागाहून रंगवलेलं आहे.

त्याचं शिक्षण काय होतं?

सहाव्या वर्षापर्यंत तो दायांच्या हाती वाढला. मग रिचर्ड कॉक्स आणि केंब्रिजचा ग्रीक पंडित जॉन चीक हे गुरुजी आले. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, बायबल, भूमिती, शिवाय ल्यूट या तंतुवाद्याचं वादन. सोबत सरदारांची मुलं शिकायला असत. त्यांतले सफकच्या ब्रँडन घराण्यातले दोघे भाऊ जुलै १५५१ मध्ये घामाच्या साथीत एकाच दिवशी, काही वेळाच्या अंतराने गेले. 'घामाचा रोग' म्हणून ओळखली जाणारी ही साथ माणसाला काही तासांत नेत असे.

जिवलग मित्र म्हणजे आयर्लंडचा बार्नबी फिट्झपॅट्रिक. तो फ्रान्सच्या दरबारी गेल्यावर एडवर्डने त्याला लिहिलेली पत्रं आहेत. बातम्या, उपदेश, बायकांच्या नादी न लागता घोडे आणि शस्त्रं याकडे लक्ष दे असा चौदा वर्षांच्या मुलाचा पोक्त सल्ला, आणि अधूनमधून नुसती मित्राची आठवण.

राजाला मारता येत नाही म्हणून त्याच्या चुकांसाठी बार्नबीला छड्या बसत, हे खरं का?

तसा भक्कम पुरावा नाही. सांगायला सोपी गोष्ट आहे, म्हणून टिकली. कॉक्स गुरुजींनी राजपुत्राच्या हट्टीपणाबद्दल जे लिहिलं आहे त्यावरून तर एडवर्डला स्वतःलाच निदान एकदा चांगला प्रसाद मिळालेला दिसतो.

दोन्ही मामांचं पुढे काय झालं?

दोघांचीही डोकी भाच्याच्या राज्यात उडाली.

धाकटा मामा थॉमस सिमूर दिसायला देखणा, बोलायला गोड आणि थोरल्या भावावर जळणारा. हेन्रीची विधवा राणी कॅथरिन पार हिच्याशी त्याने काही महिन्यांतच गुपचूप लग्न केलं. थोरला मामा बालराजाला हातखर्चाला पैसे देताना हात आखडता घेई. थॉमसने ते हेरलं आणि जॉन फाउलर नावाच्या सेवकाच्या हाती मुलाला गुपचूप पैसे पाठवायला सुरुवात केली. राजा असून खिसा रिकामा, आणि मामा पैसे देतो. मुलाने ते घेतले. पण मामाला पदं द्यावीत म्हणून पार्लमेंटला पत्र लिहून दे, असं थॉमसने सांगितलं तेव्हा त्याने चीक गुरुजींना विचारलं, आणि पत्र दिलं नाही. जानेवारी १५४९ मध्ये थॉमस रात्री राजाच्या दालनापर्यंत शिरला, कुत्रा भुंकला आणि त्याने त्याला गोळी घातली, असं सांगतात. २० मार्चला त्याचा शिरच्छेद झाला. हुकमावर सख्ख्या भावाची सही होती.

थोरल्याची पाळी त्याच वर्षी आली. ऑक्टोबर १५४९ मध्ये बाकीचे मंत्री उलटले तेव्हा सॉमरसेटने राजाला रात्रीच्या अंधारात घोड्यावरून विंडसरच्या किल्ल्यात हलवलं. मुलाला सर्दी झालेली. इथे ना फिरायला सज्जे ना बाग, आपण कैदेत आहोत असं वाटतं, अशी त्याची तक्रार नोंदलेली आहे. सॉमरसेट पकडला गेला, सुटला, पुन्हा पकडला गेला आणि २२ जानेवारी १५५२ रोजी टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. सत्ता आता जॉन डडलीच्या हातात होती, जो नॉर्दम्बरलंडचा ड्यूक म्हणून ओळखला जातो.

रोजनिशीत त्या दिवशी एवढंच आहे: सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान टॉवर हिलवर सॉमरसेटच्या ड्यूकचं डोकं छाटण्यात आलं. बस्स. या ओळीवरून पुष्कळांनी त्याला थंड रक्ताचा ठरवलं आहे. मला तसं म्हणवत नाही. ती रोजनिशी काही मनातलं उतरवायची वही नव्हती. राज्यकारभाराच्या नोंदी ठेवायची सवय लागावी म्हणून सुरू झालेला तो सराव होता. तिच्यात लढाया आहेत, तह आहेत, नाण्यांचे भाव आहेत. मामाच्या मृत्यूवर काय वाटलं ते लिहायला त्यात जागा नव्हती, आणि ती वही इतरांच्या नजरेखालून जात असणार हेही त्या मुलाला कळत असणार.

त्याच्या काळात धर्माचं काय झालं?

हा या राज्याचा गाभा आहे. हेन्रीने पोपला झुगारलं, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्येच ठेवली आणि जुने विधी फारसे हलवले नाहीत. एडवर्डच्या सहा वर्षांत इंग्लंड खऱ्या अर्थाने प्रोटेस्टंट झालं. आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर या बदलाचा कर्ता.

सामान्य माणसाला हे कसं दिसलं असेल, याचा विचार करून पाहा. गावच्या चर्चमधल्या संतांच्या मूर्ती निघाल्या. भिंतींवरची चित्रं चुन्याखाली गेली. मेलेल्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला ज्या देणग्या दिलेल्या होत्या, त्या १५४७ च्या कायद्याने सरकारजमा झाल्या. म्हणजे ज्याने आईबापांच्या नावे पैसे ठेवले होते त्याला सांगण्यात आलं की आता कुणी त्यांच्यासाठी प्रार्थना करणार नाही. १५४९ पासून पाद्र्यांना लग्न करायची मुभा मिळाली. दगडी वेदी फोडून तिथे लाकडी टेबल आलं. आणि जून १५४९ पासून देशभर एकच इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं. १५५२ मध्ये ते आणखी कडक प्रोटेस्टंट वळणाचं करण्यात आलं. इंग्रजी लग्नातल्या सुखदुःखात साथ देण्याच्या ज्या शपथा आजही ऐकू येतात, त्या त्या पुस्तकातून आलेल्या आहेत.

देवाशी आपल्या भाषेत बोलायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण कॉर्नवॉलच्या लोकांची अडचण उलटी होती. त्यांच्यातल्या अनेकांना इंग्रजीच येत नव्हतं. त्यांनी मागणीपत्रात तसं लिहिलं आणि नवी प्रार्थना म्हणजे नाताळातला पोरखेळ आहे, आम्हाला जुनी मिस्साच हवी, असं बजावलं.

१५४९ सालचे उठाव ते हेच का?

दोन मोठे उठाव झाले, आणि त्यांची कारणं वेगळी होती. डेव्हन-कॉर्नवॉलमधला वर सांगितला तो. त्यात एक्झिटर शहराला वेढा पडला आणि सरकारने परदेशी भाडोत्री सैनिक आणून तो मोडला. हजारो माणसं गेली.

दुसरा नॉरफकमधला. तिथे प्रश्न गायरानांचा होता. जमीनदार सामाईक कुरणांना कुंपणं घालून मेंढ्या पाळत होते आणि गरिबाच्या गाईला चरायला जागा उरली नव्हती. त्यात नाण्यातली चांदी कमी करून सरकारने महागाई वाढवलेली. रॉबर्ट केट हा स्वतः जमीनदार, पण लोक त्याची कुंपणं तोडायला आले तेव्हा त्याने ती स्वतःही तोडली आणि त्यांचा पुढारी झाला. नॉरिच शहराबाहेर माउसहोल्डच्या माळावर सुमारे सोळा हजार लोक तळ देऊन बसले. केट एका ओक वृक्षाखाली बसून न्यायनिवाडा करी. सर्व वेठबिगारांना मुक्त करा, ही त्यांची एक मागणी होती. ऑगस्टअखेर डडलीने फौज आणून त्यांना चिरडलं आणि केटला डिसेंबरमध्ये नॉरिचच्या किल्ल्यावर फाशी दिलं.

बहिणींशी त्याचं कसं होतं?

एलिझाबेथ चार वर्षांनी मोठी, अभ्यासातली सोबतीण, धर्मानेही जवळची. मेरी एकवीस वर्षांनी मोठी, जवळजवळ आईच्या वयाची. लहानपणी त्याचा तिच्यावर फार जीव होता. पण मेरी कट्टर कॅथलिक. तिच्या घरी मिस्सा चालू राहिली आणि एडवर्डला ते सहन होईना.

१५५० च्या नाताळात तो तिला सगळ्यांसमोर बोलला आणि दोघंही रडली. पुढच्या मार्चमध्ये ती लंडनला आली तेव्हा तिच्या माणसांच्या गळ्यात उघडपणे जपमाळा होत्या. त्या भेटीची नोंद रोजनिशीत आहे: माझा आत्मा देवाचा आहे, श्रद्धा मी बदलणार नाही, असं ती म्हणाली. मेरीचा मावसभाऊ सम्राट पाचवा चार्ल्स याने युद्धाची धमकी दिली, तेव्हा बिशपांनी मुलाची समजूत काढली की पापाला परवानगी देणं हे पाप आहे, पण काही काळ कानाडोळा करणं चालू शकतं. तेरा वर्षांच्या मुलाला हे पचणं अवघड गेलं असणार.

मग तो इतरांच्या हातातलं बाहुलं होता की नाही?

सुरुवातीला होता, नऊ वर्षांचा मुलगा दुसरं काय असणार? पण तेराव्या-चौदाव्या वर्षापासून तो मंडळाच्या बैठकींना बसतो, विषयांच्या याद्या करतो, मेरीला पत्राखाली स्वहस्ते लिहितो की माझे कायदे पाळले गेलेच पाहिजेत. धर्माबाबत तर तो आजूबाजूच्यांपेक्षा कडक होत चालला होता. त्याच्या राज्यात धर्मद्रोहासाठी दोघांना जाळलं. त्यांतली जोन बोचर १५५० च्या मे महिन्यात गेली. तिच्यासाठी राजा रडला अशी कथा पुढे रूढ झाली. त्याच्या स्वतःच्या नोंदीत अश्रू नाहीत, तिचा अपराध आणि शिक्षा एवढंच आहे. त्याच्यावर माया करायची तर हेही पाहून करावी.

तो कशाने गेला?

एप्रिल १५५२ मध्ये त्याला गोवर आणि देवी झाल्याची नोंद त्याने केली आहे. तो उठला, उन्हाळ्यात दक्षिणेकडे पोर्ट्समथपर्यंत दौराही करून आला. रोजनिशी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात थांबते. १५५३ च्या सुरुवातीला खोकला लागला तो गेलाच नाही. बहुतेकांच्या मते क्षय. काहींच्या मते फुप्फुसात पू झालेला न्यूमोनिया. विष घातल्याच्या अफवा उठल्या, त्यांना आधार नाही. शव उघडणाऱ्यांना रोग फुप्फुसात दिसला.

मे महिन्यात ईशान्येकडून चीनला जाणारा समुद्रमार्ग शोधायला विलोबी आणि चान्सलर यांची तीन जहाजं निघाली. ग्रिनिचच्या राजवाड्यासमोरून जाताना त्यांनी तोफांची सलामी दिली. सगळा दरबार खिडक्यांत आणि किनाऱ्यावर जमला. ज्याची पत्रं घेऊन जहाजं निघाली होती, तो मुलगा आत अंथरुणावर होता.

लेडी जेन ग्रेला राणी करण्याचा घाट कुणाचा?

हेन्रीच्या मृत्युपत्राप्रमाणे, आणि १५४४ च्या कायद्याप्रमाणेही, एडवर्डनंतर मेरी आणि मग एलिझाबेथ. एडवर्डने दोघींनाही अनौरस म्हणून वगळलं आणि हेन्रीच्या धाकट्या बहिणीच्या वंशाकडे, ज्यात तिची नात जेन ग्रे होती, गादी वळवली. त्याचा मसुदा त्याच्या हस्ताक्षरात आहे, आणि संपूर्ण ट्यूडर इतिहासातली सर्वांत महत्त्वाची खाडाखोड त्या कागदावर आहे. आधी त्याने लिहिलं होतं: जेनच्या मुलग्यांना. म्हणजे बाईला गादी नाहीच, तिच्या पोटी मुलगा झाला तर त्याला. पण मृत्यू दाराशी आला आणि वंशात एकही मुलगा जन्मलेला नव्हता. तेव्हा 'च्या'चा अर्थ देणारं अक्षर खोडलं आणि ओळीच्या वर दोन शब्द घातले गेले. वाक्य झालं: जेनला, आणि तिच्या मुलग्यांना.

जेन मे महिन्यातच डडलीची सून झाली होती, म्हणून सगळा डाव त्याचाच, असं पूर्वी धरून चालत. डडलीचा हात होताच. पण न्यायाधीशांनी हे बेकायदा आहे म्हणून हरकत घेतली तेव्हा त्यांना समोर बोलावून कडक शब्दांत हुकूम सोडणारा एडवर्डच होता. मेरी आली तर आपलं सगळं काम पुसून टाकील ही त्याची भीती होती, आणि ती खरी ठरली. २१ जूनच्या राजपत्रावर शंभरावर मातब्बरांनी सह्या केल्या. १० जुलैला जेनला राणी जाहीर केलं, १९ जुलैला मेरीने गादी घेतली. सोळा-सतरा वर्षांच्या जेनचा शिरच्छेद १२ फेब्रुवारी १५५४ रोजी झाला. पंधरा वर्षांच्या एका मुलाने मरता मरता, भल्याच्या भावनेने, आपल्याच वयाच्या एका मुलीला त्या वाटेला लावलं. मला या सगळ्या इतिहासात याहून दुःखाचं काही दिसत नाही.

राजपुत्र आणि भिकाऱ्याच्या मुलाची अदलाबदल खरंच झाली होती का?

नाही. ती एका अमेरिकन कादंबरीकाराची कल्पना आहे. तिच्यातला राजपुत्र मात्र हाच.

आज त्याच्या खुणा कुठे आहेत?

रोजनिशी ब्रिटिश लायब्ररीत, खाडाखोड केलेला मसुदा लंडनच्याच इनर टेंपलच्या ग्रंथालयात. हॉल्बाइनने काढलेलं बाळपणीचं चित्र, हातात खुळखुळा धरलेलं, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीकडे १५४६ चं एक विलक्षण चित्र आहे: समोरून पाहिलं तर चेहरा रबरासारखा आडवा ताणलेला, ओळखू न येणारा, कडेला जाऊन तिरकं पाहिलं की एकदम एक नीटस मुलगा दिसतो.

त्याच्या नावाच्या शाळा बऱ्याच आहेत. बर्मिंगहॅमची १५५२ ची आहे, आणि स्ट्रॅटफर्डच्या ज्या शाळेत शेक्सपिअर शिकला असं मानतात तिला सनद १५५३ ची. बिशप रिडलीच्या प्रवचनानंतर लंडनच्या गरिबांसाठी ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांतली क्राइस्ट्स हॉस्पिटल ही अनाथ आणि गरीब मुलांची शाळा. तिची सनद त्याने मृत्यूच्या दहा दिवस आधी दिली. तिथली मुलं अजून लांब निळा कोट आणि पिवळे मोजे घालतात.

एडवर्डला ८ ऑगस्ट १५५३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत, आजोबा सातव्या हेन्रीच्या चॅपलमध्ये, वेदीखाली पुरलं. क्रॅन्मरने प्रार्थना इंग्रजीत म्हटली. कबरीवर नाव नव्हतं. ते १९६६ मध्ये एका साध्या फरशीवर कोरलं गेलं, आणि ती फरशी क्राइस्ट्स हॉस्पिटलने बसवली.